वरच्या मजल्यावरचे प्रश्न

तो अजून जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणाबद्दल असं लिहायला घेतलं की वाचणाऱ्याला वाटतं, माणूस गेला असणार. हा गेलेला नाही. इंदूरला धाकट्या बहिणीकडे राहतो, तब्येत ठणठणीत आहे, आणि आता तिथल्या लोकांना छळतो. त्याआधी बरीच वर्षं त्याने मला छळलं, बडोद्याच्या हरणी भागातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहून.

खोल्या बघायला आला तो दिवस मला लख्ख आठवतो. मी गुडघे धरत जिना चढले, कुलूप काढलं, खिडकी उघडली. आमच्याकडून विमानतळ जवळ, त्यामुळे त्याच वेळी डोक्यावरून विमान गेलं आणि तावदानं वाजली. आजवर जो जो भाडेकरू आला तो या आवाजावर नाक मुरडून भाव पाडायला बघायचा. हा म्हणाला, "काकू, विमानाच्या खिडकीला कोपरे का नसतात?"

"काय?"

"घराच्या खिडकीला चार कोपरे असतात. विमानाच्या खिडकीला एकही नसतो. का?"

"तुम्हाला खोल्या घ्यायच्यात का?"

"घेतल्या. पण का नसतात?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी विमानात बसले नाही कधी, ती माझ्या घरावरून जातात तेवढीच आमची ओळख. यावर माणूस खट्टू होईल की नाही? हा खूश झाला. मी थोडा वेळ थांबले आणि मग राहवेना म्हणून विचारलं, "का नसतात?"

"गुरुवारी सांगतो," म्हणाला आणि सामान आणायला गेला.

गुरुवार यायला अवकाश होता. तोवर मी अंगणात उभी राहून प्रत्येक विमानाकडे मान वर करून बघत होते. शेजारची गुजराती सून म्हणाली, "मासी, मान अकडाई गई के शुं?" गुरुवारी संध्याकाळी तो बाहेरून आला तशी मी जिन्याखालीच उभी. तो म्हणाला, विमान वर गेलं की त्याच्या अंगावर ताण पडतो, आणि कोपरा असला की सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होऊन तिथूनच तडा जातो. म्हणून गोल. मी घरात गेले आणि माझ्या खिडक्या पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यापासून भिंतीत एक तिरकी भेग गेलेली होती. घर बांधल्यापासून मी त्यासाठी गवंड्याला शिव्या देत आले होते.

तेव्हापासून मी फसले.

माणूस दिसायला काही खास नव्हता. उंच, वाकलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, पायात कायम रबरी चपला. वाघोडियाच्या एका रंगाच्या कारखान्यात रसायनं तपासायची नोकरी होती, ती वेळेआधीच सोडलेली. बायको नाही, मूल नाही. का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. घराणं बडोद्याचंच, पूर्वज संस्थानच्या फौजेत. कुणी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, तर म्हणायचा, "जिथे घोडा दमला तिथले." लोकांकडे घर असतं, नातवंडं असतात, देवधर्म असतो. त्याच्याकडे गुरुवार होता.

सयाजीगंजात स्टेशनजवळ एक कॅफे आहे, विद्यापीठाच्या पोरांनी भरलेलं. तिथे गुरुवारी संध्याकाळी प्रश्नांचा खेळ चालायचा आणि हा तो चालवायचा. चार-चार जणांच्या टोळ्या टेबलांभोवती बसायच्या. टोळ्यांना नावं असायची, एक होती 'छेल्ली पाटली', म्हणजे शेवटचा बाक, दुसरी 'खमण आणि मंडळी'. हा एका उंच स्टुलावर बसून माइकमधून विचारायचा आणि ते चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचे. परदेशात म्हणे हा खेळ बारमध्ये बिअर पीत खेळतात. आपल्याकडे दारूबंदी, म्हणून इथे कोल्ड कॉफी आणि सेव उसळ. मी त्याला एकदा म्हटलं, बिअरशिवाय कसली मजा येत असेल? तो म्हणाला, "उलट आहे, काकू. तिथे चढलेले भांडतात, थोड्या वेळात आडवे होतात. इथे शुद्धीवर असलेले भांडतात. ते थकत नाहीत."

हे प्रश्न तो डोक्यात तयार करायचा आणि तपासायचा माझ्यावर. मी चौथीपर्यंत शिकलेली. सुरुवातीला मला वाटलं, अडाणी बाईला उत्तर आलं तर प्रश्न सोपा, असा त्याचा हिशेब असेल. तसं नव्हतं. मला उत्तर येतं की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा, प्रश्न टाकायचा आणि माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचा. मी कणीक मळत असेन, भेंडी चिरत असेन. हात चालूच राहिले तर प्रश्न नापास. एक शब्द न बोलता जायचा. हात थांबले तर प्रश्न पास. तेव्हाही एक शब्द न बोलता जायचा, फक्त जिना चढताना शीळ घालायचा.

"मंगोलियाची राजधानी?" असं एकदा त्याने विचारलं. माझी भेंडी चिरणं चालू. "अहो, मला तिथे कुणाला भेटायला जायचंय का?" मी म्हटलं. एरवी न बोलता जाणारा तो तिथेच टाळी वाजवून म्हणाला, "हेच! राजधानी विचारणं म्हणजे पत्ता विचारणं. तो प्रश्नच नव्हे." आणि त्यानंतर त्याने आयुष्यात राजधानी विचारली नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "काकू, स्ट्रॉबेरी ही बेरी नाही, पण केळं बेरी आहे, असं मी म्हटलं तर?" माझ्या हातातलं केळं मी ताटात ठेवलं आणि त्याच्याकडे संशयाने बघितलं, जसं काही मला केळेवाल्याने नाही, केळ्यानेच फसवलं. वर जिन्यात शीळ सुरू झाली.

मी चिडायचे ते त्याच्या उत्तर दाबून ठेवण्यावर. मी किती बोलले असेन! "अहो, मी घरमालकीण आहे, मला तरी सांगा." नाही. "पाणी बंद करीन वरचं." तरी नाही. "उत्तर हा पदार्थ आहे, काकू. भूक लागायच्या आधी वाढला की वाया जातो." मी म्हणायचे, भूक लागून माणूस मरतो कधीकधी. त्यावर त्याचं म्हणणं, प्रश्नाने मेलेला एकही माणूस अजून त्याच्या बघण्यात नाही.

वेळकाळ मात्र त्याला अजिबात कळायचा नाही. आमच्या गल्लीत एका घरी म्हातारे आजोबा गेले. त्यांच्या बेसण्याला, म्हणजे गुजराती लोक मयतानंतर भेटायला जमतात तिथे, आम्ही सगळे गेलो. पुरुष पांढऱ्या कपड्यांत एका बाजूला रांगेने बसलेले, कुणी बोलत नाही, भजनाची टेप चाललेली. मी बायकांत बसले होते, पण मला समोरून दिसत होतं. हा शेजारच्या माणसाच्या कानाला लागला. मग तो माणूस पुढच्याच्या कानाला लागला. बघता बघता अख्खी पांढरी रांग कुजबुजायला लागली. मला वाटलं, काही गंभीर आहे, म्हातारबुवांनी मृत्युपत्र केलं नाही की काय. शेवटी गेलेल्या माणसाचा मुलगा स्वतः उठला, हात जोडत जोडत ह्याच्यासमोर येऊन बसला, आणि हळूच म्हणाला, "काका, तो पछी, मग? झेब्रा काळा आणि पट्टे पांढरे, की झेब्रा पांढरा आणि पट्टे काळे?"

बाहेर आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. "लाज नाही वाटत? लोकांच्या घरी माणूस गेलाय!"

"सगळे पांढऱ्यात बसले होते, काकू. मला झेब्राच आठवला."

"तुम्हाला जनावर आठवलं म्हणून बोलून दाखवायचं?"

तेवढ्यात तो मुलगा मागून चपला शोधत आला. म्हणाला, "मासी, काकांना रागावू नका. बाबा गेल्यापासून पहेली वार डोक्यात दुसरं काही आलं." ठीक आहे, त्याला बरं वाटलं असेल. तरी वागणं चूक ते चूक. झेब्राची कातडी आतून काळी असते, ते मला गुरुवारी कळलं.

आता खुर्चीबद्दल सांगते, कारण पुढे सगळं त्यावरून झालं. म्हणजे खुर्ची नव्हे, ते उंच स्टूल. हा येण्याआधी त्या स्टुलावर एक दुसरे गृहस्थ बसायचे, मोठे शिकलेले. त्यांचं उत्तर चुकलं आणि कुणी दाखवून दिलं, की ते म्हणायचे, "माझ्या कार्डावर जे आहे तेच उत्तर." हा तेव्हा साधा खेळणारा. एके दिवशी उठून भांडला. म्हणाला, मग पृथ्वी सपाट लिहून आणा कार्डावर, आम्ही सपाट समजू. मोठा तमाशा झाला, ते गृहस्थ गेले ते गेलेच, आणि कॅफेच्या मालकिणीने, तरुण गुजराती बाई आहे, ह्याला स्टुलावर बसवलं. बसल्या बसल्या ह्याने कायदा केला. विचारणाऱ्याचं उत्तर चुकलं, तर ज्याने चूक पकडली त्याने स्टुलावर बसायचं आणि विचारणाऱ्याने खाली उतरायचं. कायमचं. दर गुरुवारी खेळ सुरू होण्याआधी तो हा कायदा माइकमधून म्हणून दाखवायचा, आणि पोरं टेबलं बडवायची. त्याला कुणी उतरवू शकलं नव्हतं. प्रत्येक उत्तर तो दोन निरनिराळ्या ठिकाणी पडताळून घ्यायचा, त्यासाठी वाचनालयात अर्धा दिवस घालवायचा. गुरुवार गेला तर ह्या माणसाकडे उरतं काय, हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असणार.

मग ती एकादशी आली. मी साबुदाण्याची खिचडी परतत होते. दाराशी सावली पडली.

"काकू, ह्या कढईत साबुदाणा आहे, बटाटा आहे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि जिरं. मीठ-तूप सोडा. ह्या पाचांतला एकच पदार्थ मूळचा आपल्या देशातला. बाकीचे चार बाहेरून आलेले. कुठला तो एक?"

माझा झारा थांबला. नुसता थांबला नाही, खिचडी बुडाला लागेपर्यंत थांबला. "बाहेरून म्हणजे? उपासाचं आहे ते!"

"म्हणूनच."

"देवाला चालतं ते बाहेरचं कसं असेल?"

वर शीळ. एवढी लांब शीळ त्याने कधी घातली नव्हती. मी ती करपलेली खिचडी खाल्ली आणि प्रत्येक घासाकडे बघत होते, तू कुठला रे बाबा. आणि ठरवलं, ह्या गुरुवारी मी स्वतः जाणार. उत्तर माझ्या खिचडीचं आहे, मग पोरांना आधी आणि मला मागून का?

त्याला हे सांगितलं तर त्याचे कान लाल झाले. रिक्षात अख्खा रस्ता चपला हलवत होता. कॅफे गच्च भरलेलं, पंखे गरगरत होते, उसळीचा वास, पोरींचे हसणारे घोळके. मोबाईल सगळ्यांनी दाराशी टोपलीत टाकायचे. मालकिणीने मला मागच्या खुर्चीत बसवलं, "मासी, तमे तो खास मेहमान." तो स्टुलावर चढला आणि मी त्याला ओळखेनाच. वाकलेला माणूस सरळ झाला. आवाज भरून आला. कायदा म्हणाला, टेबलं बडवली गेली, माझ्या पुढ्यातली वाटीही उडाली. मी म्हातारी बाई, पण सांगते, मीही टेबल बडवलं.

खिचडीचा प्रश्न आला आणि कॅफेत गिल्ला झाला. चिठ्ठ्या गेल्या. मग तो एकेक पदार्थ बाद करायला लागला. "बटाटा. अमेरिकेकडून, जहाजातून. बाद!" पोरं ओरडली. "शेंगदाणे. तिकडचेच. बाद! मिरची. बाद!"

"मिरची?" मी मागून ओरडले. "मिरचीशिवाय लोक जेवत काय होते?"

"मिरी घालून, काकू. साबुदाण्याचा कंद. बाद!"

"आणि रताळं?" मी उभीच राहिले होते.

"बाद."

"राजगिरा?"

"तोही तिकडचाच."

"मग माझी खापरपणजी एकादशीला खायची काय?"

"वरीचे तांदूळ. शिंगाडा. किंवा काहीच नाही," तो म्हणाला. "त्याला उपास म्हणतात, काकू."

कॅफे कोसळलं हसून. मीही हसले, काय करणार. मग त्याने हात वर केला. "उरलं एक. आपलं, मूळचं, घरचं. जिरं!" आणि लोक असे ओरडले की जसं काही मॅच जिंकली. एक काका टेबलावर थापा मारत म्हणाले, "उंझा! उंझा!" उंझाला जिऱ्याचा केवढा मोठा बाजार आहे हे गुजरातेत लहान पोरालाही ठाऊक.

आणि 'छेल्ली पाटली'च्या टेबलावरून एक मुलगी उठली. हॉस्टेलमध्ये राहणारी, बारीक, आवाज त्याहून बारीक.

"सर, ऑब्जेक्शन. जिरंपण बाहेरचंच आहे. इराणच्याही पलीकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने आलेलं."

"हट्!" उंझावाले काका म्हणाले.

त्याचा चेहरा मला समोरून दिसत होता. हसू तोंडावर तसंच होतं, पण मागून कुणी दिवा काढून नेल्यासारखं. तेव्हाच मला कळलं काय झालंय. बाकीचे चार त्याने पडताळले होते. जिरं पडताळलं नव्हतं. गुजरातेत राहून जिरं कुठलं, हे कोण पडताळतो? डबा उघडला की समोर, बाजारात पोती, बसच्या खिडकीतून शेतं. त्याला वाटलं, हे काय विचारायचं!

नियमाप्रमाणे दोन टेबलांनी टोपलीतून मोबाईल काढून वेगवेगळं शोधलं. दोघांनी वाचून दाखवलं. मुलीचं बरोबर होतं.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. अख्खं कॅफे त्याला वाचवायला उठलं. मालकीण म्हणाली, "काका, हजारो वरसथी अहीं छे, आपणुं ज कहेवाय ने!" उंझावाले काका म्हणाले, "अमे वावीए, अमे खाईए, अमे वेचीए, तो ए पारकुं केम?" म्हणजे पेरतो आम्ही, खातो आम्ही, विकतो आम्ही, मग ते परकं कसं. एक पोरगा मराठीतून ओरडला, "काका, मग तुम्हीपण बाहेरचेच! तुमचा घोडा कुठून आला होता?" सगळे हसले. हा हसला नाही. ज्या मुलीने चूक पकडली ती तर घाबरून गेली. "सर, मी परत घेते. चालेल. जिरं आपलंच."

त्याने माइक हातात धरला होता. हो म्हणाला असता तर संपलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा स्टूल, पुन्हा शीळ. फक्त तो त्या कार्डवाल्या गृहस्थांसारखा झाला असता, आणि ते त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

त्याने गर्दीवरून माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही सांगा."

इतक्या वर्षांत त्याने मला शेकडो प्रश्न घातले, पण माझं उत्तर ऐकायला थांबला नव्हता कधी. आता थांबला होता.

"चुकलात," मी म्हटलं. "उठा."

"मासी!" मालकीण म्हणाली.

"मासी काय? कायदा कुणी केला, मी?"

तो उतरला. माइक शर्टाला पुसला आणि त्या मुलीच्या हातात दिला. तिला स्टुलाला धरून चढवलं. "पाय खाली पोचत नाहीत," तो म्हणाला, "पण पाठ दुखत नाही. बस." मग येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, कारण त्याला बसायला खुर्चीच नव्हती.

लोकांनी नंतर मला ऐकवलं. म्हातारीला काळीज नाही. असेल. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तो आठवडा मात्र वाईट गेला. जिन्यावरून उतरायचा, दूध घ्यायचा, वर जायचा. दाराशी सावली पडली नाही. मी पुरण वाटलं, चकल्या केल्या, हात कुणी थांबवले नाहीत. समजूत घालायला मी गेले नाही. काय सांगणार, जिरं इथलंच आहे म्हणून? गुरुवार उजाडला, दुपार उलटली, तर हा बनियनवर पायरीवर बसलेला.

"आज जायचं नाही का?"

"कशाला?"

"ती पोरगी काय विचारते ते मला बघायचंय. एकटी मी रिक्षात बसत नाही." हे खोटं होतं. मी एकटी सगळीकडे जाते. त्यालाही ते ठाऊक होतं, पण तो शर्ट घालायला गेला.

कॅफेत आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. टोळीचं नाव विचारलं, मी सांगितलं, "उपाशी." आमच्यात आणखी दोघं येऊन बसली, कॉलेजातली. मुलगी स्टुलावर चढली. तिने माइक दोन्ही हातांनी धरला. पहिले काही प्रश्न ह्याला येत होते, आणि हा काय करायचा? मोठ्याने उत्तर बोलून टाकायचा. सवय! सगळ्या टेबलांनी आमचं उत्तर लिहून घेतलं. मालकीण धावत आली, "काका, लखवानुं छे, बोलवानुं नथी!" मी त्याला टेबलाखालून लाथ घातली.

मग मुलगी म्हणाली, "आपल्या विश्वामित्री नदीच्या काठी मगरीने अंडी घातली. अंड्यातून नर निघणार की मादी, हे कशावर ठरतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने पेन्सिल चिठ्ठीवर टेकवली होती.

"लिहा ना," मी म्हटलं.

"थांबा."

"कशावर ठरतं?"

"थांबा म्हटलं ना!"

कान लाल, कपाळावर घाम. जन्मभर ह्या नदीच्या आसपास राहिला, पुरात मगर लोकांच्या दारात आलेली पाहिली, आणि हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कॉलेजातला मुलगा म्हणाला, नराच्या वयावर असेल. आमच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, चंद्रावर. मी म्हटलं, नशिबावर. तो पेन्सिल कानात घालत होता, काढत होता, आमच्याशी कुजबुजून भांडत होता, "नशीब काय, काकू, मगरीला नशीब असतं का!" वेळ संपत आली तसं त्याने चिठ्ठीवर घाईने लिहिलं, "मगरीचं वय." चिठ्ठी ओढून नेली तरी बोटं तशीच हवेत.

"उत्तर," मुलगी म्हणाली, "घरट्यातल्या मातीच्या उबेवर."

तो असा उठला की खुर्ची मागे पडली. "म्हणजे कसं? ऊब वाढली तर काय निघणार? कमी झाली तर? पाऊस लवकर आला तर? एकाच घरट्यात वर एक आणि खाली दुसरं?"

"सर, बसा, पुढचा प्रश्न..."

"नाही पण, झाडाच्या सावलीत घातली तर?"

"सर, मला एवढंच ठाऊक आहे!"

कॅफे हसत होतं, टेबलं बडवत होतं. त्याला काही ऐकूच येत नव्हतं. आम्ही त्या दिवशी शेवटून पहिले आलो.

उन्हाळ्याचे दिवस, बाहेर अजून उजेड होता. परतीच्या वाटेवर पुलावर आलो तर हा ओरडला, "रोको, रोको!" रिक्षा थांबते न थांबते तोच उडी मारून कठड्याला जाऊन भिडला. रिक्षावालाही मागोमाग. मी म्हटलं, दोघांतला एक तरी पडणार, म्हणून मीही उतरले. खाली चिखलाच्या काठावर एक मगर जबडा उघडा टाकून पडली होती, लांबलचक, राखाडी. मागे हॉर्नवर हॉर्न.

रिक्षावाला तिच्याकडे बघत म्हणाला, "काका, आ नर छे के मादा?"

तो कठड्यावर दोन्ही हात आपटून इतक्या मोठ्याने ओरडला की स्कूटरवाले वळून बघायला लागले. "खबर नथी, भाई! मने कंई ज खबर नथी!"

"तो एमां आटला खुश केम थाओ छो?" रिक्षावाल्याने विचारलं, ठाऊक नाही तर एवढं खूश व्हायचं काय.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मागे बस अडली होती. मी दोघांना बखोटीला धरून रिक्षात बसवलं.